फ्रँकलिनचा पाचवा दिवस

जॉन प्रिंगल या लंडनच्या डॉक्टरने बेंजामिन फ्रँकलिनला एक प्रश्न विचारला होता : अर्धांगवायू झालेल्या माणसाला विजेचा काही उपयोग होतो का? फ्रँकलिनने २१ डिसेंबर १७५७ रोजी पत्राने त्याचे उत्तर दिले. पत्र लहानसे आहे, छापील दोन पानांत सहज मावेल असे. कवटी न उघडता, बाहेरूनच वीज किंवा चुंबक यांच्या साहाय्याने मेंदूला चेतवून पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे, चालवण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगभर चालू आहेत. त्यांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात एखाद्या प्रयोगशाळेपासून करण्याची रीत आहे. मला मात्र ती या पत्रापासून करावीशी वाटते. कारण त्या दोन पानांत जे प्रश्न आहेत, त्यांच्यापुढे आपण फारसे सरकलेलो नाही. आणि जिथे सरकलो आहोत, तिथे त्याच प्रश्नांचे बोट धरून.

इटली-जर्मनीत विजेने लुळी माणसे बरी झाल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्या वाचून पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या प्रांतांतून लोक आपापल्या रुग्णांना घेऊन फ्रँकलिनच्या दारी येऊ लागले. तो काही डॉक्टर नव्हता. पण विजेचा जाणकार म्हणून त्याची कीर्ती झाली होती, आणि लोक आग्रह करीत म्हणून त्याने उपचार केले. रुग्णाला विद्युत्‌रोधक चौरंगावर खुर्ची मांडून बसवायचे, लुळ्या अंगातून मोठमोठ्या ठिणग्या काढायच्या, मग सहा-सहा गॅलनच्या दोन काचेच्या बरण्यांत साठवलेली वीज एकदम त्या हातातून किंवा पायातून सोडायची. दिवसातून साधारण तीनदा. लगेच अंगात ऊब जाणवे. रात्री लुळ्या भागात टोचल्यासारखे होई. पहिल्या दिवशी ज्याला मांडीवरचा हात उचलता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी चार-पाच इंच उचलू लागे, तिसऱ्या दिवशी आणखी वर. पाचव्या दिवशी तो कसाबसा, थकल्या हाताने का होईना, डोक्यावरची टोपी काढू शके.

पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. रुग्णांच्याही ते लक्षात येई. धक्के सोसवत नसत. निराश होऊन ते घरी परतत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे होत. विजेने अर्धांगात टिकाऊ फायदा झालेला आपण एकदाही पाहिला नाही, असे फ्रँकलिनने स्वच्छ लिहून टाकले आहे.

इथे पत्र संपले असते तर ते एका अपयशाची प्रामाणिक नोंद एवढेच ठरले असते. पण पुढे तो तीन शंका मांडतो. पहिली : जो तात्पुरता फायदा दिसला तो विजेचा कशावरून? रुग्ण एवढा प्रवास करून आले, रोज माझ्या घरापर्यंत ये-जा करीत राहिले, त्या व्यायामाचा तो असेल. किंवा बरे होण्याच्या आशेने अंगात जो हुरूप आला त्याचा असेल. यातले किती कशाचे, हे सांगण्याचा आव मी आणत नाही. दुसरी : जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली औषधपाणी आणि पथ्य यांच्या जोडीने धक्के दिले असते तर कदाचित फायदा टिकला असता. तिसरी : मी थोडे पण जबर धक्के दिले, त्यापेक्षा पुष्कळ आणि हलके धक्के बरे असतील काय? स्कॉटलंडमध्ये एका रुग्णाला रोज दोनशे लहान धक्के देऊन बरे केल्याचे त्याच्या कानावर आले होते.

आजच्या भाषेत यांनाच तुलनागट, संयुक्त उपचार आणि मात्रा म्हणतात. विजेवर साऱ्या युरोपचा जीव जडलेला असताना, विजेमुळेच नावारूपाला आलेल्या माणसाने हे लिहावे याचे मला अजूनही नवल वाटते.

एक गोष्ट मात्र फ्रँकलिनच्या ध्यानी आली नाही. त्याने वीज दिली ती हातापायांना. दुखणे जिथे दिसते तिथे उपचार, हे त्या काळाला धरूनच होते. आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारे गेले’. अर्धांगवायू या शब्दातही तो वारा आहेच आणि आयुर्वेदानेही पक्षाघात वातव्याधींतच घातला. इंग्रजांचा ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. दोन्हीकडे कल्पना एकच : बाहेरून काहीतरी आले आणि अंगाला लागले. योहान वेप्फर या स्विस वैद्याने १६५८ मध्येच दाखवले होते की अशा झटक्याने मेलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. तरी उपचाराची नजर हातापायांवरून डोक्याकडे वळायला पुढे बराच काळ गेला.

पहिल्या शंकेचे उत्तर शोधण्याची रीतही फ्रँकलिनच्याच घरी आकाराला आली, हा इतिहासाचा एक गमतीदार योगायोग. १७८४ साली तो अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसजवळ पासी येथे राहत होता. वय ७८, मूतखड्याने बेजार. शहरात फ्रान्झ मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ने धुमाकूळ घातला होता. सोळाव्या लुईने चौकशी मंडळ नेमले. त्यात लाव्हाझिए होता, बेई होता, गिलोटिन होता आणि प्रमुख फ्रँकलिन. त्याला हिंडणे जमेना म्हणून मंडळच त्याच्या घरी गेले. बागेतल्या एका झाडात मेस्मरचा शिष्य देसलों याने ‘चुंबकत्व भरले’. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी तो मूर्च्छित पडला. ‘भरलेले’ झाड तिथून दूर होते. डोळे बांधून घेतलेली ही परीक्षा म्हणजे आजच्या लुटुपुटूच्या उपचाराशी केलेल्या तुलनेची आजी. दोनशे वर्षांनी चुंबक पुन्हा वैद्यकात आला तेव्हा त्यालाही याच परीक्षेला बसावे लागले.

एकोणिसाव्या शतकातल्या विजेच्या पट्ट्यांचा आणि साखळ्यांचा बाजार इथे झटपट ओलांडतो. त्या काळी पुल्व्हरमाखरच्या साखळ्या इतक्या घरोघरी पोहोचल्या होत्या की फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’तल्या औषधविक्याच्या अंगावर एक चढवून ठेवली आहे. महत्त्वाचे ते १८७० साली बर्लिनमध्ये घडले. गुस्टाव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला वीज लावली आणि ठरावीक जागी लावली की विरुद्ध बाजूचा ठरावीक पाय हलतो असे दाखवले. हे प्रयोग हिट्झिगच्या घरी, बायकोच्या शृंगारमेजावर झाले, असे सांगतात. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा नकाशा आहे, हे आता नाकारता येईना.

माणसाच्या बाबतीत हेच पाहण्याचा मोह रॉबर्ट्‌स बार्थोलो या सिनसिनाटीच्या डॉक्टरला आवरला नाही. १८७४ मध्ये त्याच्याकडे मेरी रॅफर्टी नावाची तीस वर्षांची घरकामगार बाई आली. कर्करोगाने तिची कवटी खाऊन टाकल्यामुळे मेंदू उघडा पडला होता. बार्थोलोने त्यात सुया घालून वीज सोडली. विरुद्ध बाजूचा हात आणि पाय आखडला. त्याने प्रवाह वाढवला; बाईला वेदना झाल्या, झटके आले, शुद्ध हरपली. काही दिवसांत ती वारली. व्यवसायबंधूंनी बार्थोलोची निर्भर्त्सना केली आणि त्यानेही पुढे खेद व्यक्त केला. माणसाचा पाय मेंदूला वीज लावून हलल्याची ही पहिली नोंद. पाठ्यपुस्तकांत ती ‘ऐतिहासिक प्रयोग’ म्हणून एका ओळीत येते. ती ओळ मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. बाहेरून, इजा न करता मेंदूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधणे ही केवळ सोय नव्हती, हे या बाईच्या मृत्यूवरून उमगते.

माणसाचा तो नकाशा वाइल्डर पेनफिल्डने मॉन्ट्रियलला शस्त्रक्रियांच्या वेळी, जाग्या रुग्णांच्या संमतीने काढला आणि एडविन बोल्ड्रीबरोबर १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. या नकाशातला वेडावाकडा माणूस आता सर्वांच्या परिचयाचा आहे : प्रचंड ओठ, प्रचंड अंगठा. त्याचे पाय कुठे आहेत याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. चेहरा आणि हात मेंदूच्या बाहेरच्या उताराला, कवटीच्या लगेच आत आहेत. पाय मात्र माथ्यावरून खाली, दोन गोलार्धांमधल्या चिरेत लोंबकळत आहेत, जणू विहिरीच्या काठावर बसून आत सोडलेले. ही मांडणी रुग्णाच्या एका परीने पथ्यावर पडते. बहुतेक झटके ज्या रक्तवाहिनीत येतात ती चेहऱ्याच्या आणि हाताच्या भागाला रक्त पुरवते. पायाच्या भागाचा पुरवठा वेगळ्या वाहिनीतून होतो. म्हणून पुष्कळदा हात गेलेला माणूस पायावर उभा राहतो. पण बाहेरून मेंदूपर्यंत पोहोचू पाहणाऱ्याला हीच मांडणी आडवी येते. हात दाराशी आहे आणि पाय माजघरात.

यात भर म्हणून चालणे हे मेंदूच्या वरच्या थरात होते की नाही, याचीच शंका होती. टी. ग्रॅहम ब्राऊनने १९११ मध्ये दाखवले की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला तरी त्याच्या मागच्या पायांत पावले टाकण्याची लय उरते. १९६६ मध्ये मॉस्कोत शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मोठा मेंदू काढून टाकलेल्या मांजराच्या मेंदूस्तंभातल्या एका ठिकाणी वीज दिली, तर ते सरकत्या पट्ट्यावर चालू लागले. प्रवाह वाढवला तर दुडकू लागले, आणखी वाढवला तर चौखूर धावले. मग माणसाच्या चालण्यासाठी मेंदूच्या पृष्ठभागाला चेतवून काय मिळणार? वाजवी प्रश्न होता. मांजर चार पायांवर असते आणि आपण दोन पायांवर, एवढाच त्याला प्रतिप्रश्न होता.

कवटीच्या बाहेरून जाग्या माणसाचा स्नायू हलवण्यात पहिले खरे यश लंडनमध्ये १९८० साली पॅट्रिक मर्टन आणि बर्ट मॉर्टन यांना आले. अत्यंत उच्च दाबाचा, क्षणार्धाचा विद्युत्‌झटका डोक्याच्या कातडीवर दिला की विरुद्ध हाताचा स्नायू आखडे. पण कवटी ही विजेला मोठा अडसर असते. आत थोडा प्रवाह पोहोचावा म्हणून बाहेर पुष्कळ द्यावा लागे आणि तो झोंबे. रुग्णावर रोज करण्यासारखे हे काम नव्हते.

वाट सापडली ती शेफील्डला. अँथनी बार्कर हे डॉक्टर नव्हेत, वैद्यकीय भौतिकीचे अभ्यासक. सत्तरच्या दशकापासून ते चुंबकाने नसा चेतवण्याच्या खटपटीत होते. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. तारेच्या वेटोळ्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ सोडला, तर भोवतीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने उठते आणि विरते. आणि फॅरडेने १८३१ मध्ये सांगून ठेवल्याप्रमाणे त्या बदलामुळे आतल्या मेंदूत वीज निर्माण होते. म्हणजे वीज बाहेरून आत ढकलायची नाही, आतच उपजवायची. १८९६ मध्ये आर्सेन द’आर्सोनव्हालने अशा वेटोळ्यात डोके घालून डोळ्यांपुढे काजवे पाहिले होते. तेवढ्यावर ते थांबले होते. बार्कर, रेझा जलीनूस आणि इयान फ्रीस्टन यांचा टिपणवजा लेख १९८५ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. वेटोळे डोक्यावर धरायचे, खटकन् आवाज होतो, बोट हलते, दुखत नाही. ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन किंवा टीएमएस म्हणतात ते हेच.

बोट हलले; पाय नाही, निदान सहजी नाही. १९८८ मध्ये जपानच्या शूगो उएनो यांनी इंग्रजी आठच्या आकाराचे वेटोळे आणले, त्यामुळे नेम अचूक झाला. पण त्याचा जोर कातडीपासून दोन-अडीच सेंटिमीटरनंतर ओसरतो आणि पायाचा भाग आहे तीन-चार सेंटिमीटरवर. मग दोन शंकू जोडल्यासारखी कॉइल आली, जी डोक्याला खोबणीसारखी बसते आणि खोलवर पोहोचते. पण दोन्ही पायांचे भाग शेजारी-शेजारी असल्याने एकाला चेतवायला जावे तर दुसराही जागा होतो. परिणामी पुढची वीस वर्षे संशोधन हाताभोवतीच फिरत राहिले. प्रश्न महत्त्वाचा म्हणून नव्हे, जागा सोयीची म्हणून. विज्ञानात असे होते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात. घरी परतलेल्या माणसाला विचारले तर तो बहुधा पहिल्यांदा हाताबद्दल बोलत नाही. रात्री कोणाला न उठवता मोरीपर्यंत जाता यावे, एवढेच मागणे असते.

याच काळात विजेचे जुने, हलके रूपही परत आले. लंडनमध्ये लिन बाइंडमन, लिपोल्ड आणि रेडफर्न यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या मेंदूला क्षीण एकदिश प्रवाह काही मिनिटे दिला, तर प्रवाह बंद केल्यानंतरही तासन्‌तास पेशींचा उत्साह बदललेला राही. हे काम विस्मरणात गेले. २००० मध्ये ग्योटिंगेनला मिखाएल निट्शे आणि वाल्टर पाऊलुस यांनी तेच माणसावर, कवटीबाहेरून केले : ओल्या स्पंजाचे दोन तुकडे, एक मिलीअँपिअर प्रवाह. एवढ्याशा प्रवाहाने पेशी पेटत नाही. पेटण्याच्या जवळ किंवा दूर सरकते, इतकेच. उपकरण स्वस्त, हातात मावणारे. साहजिकच त्याचा प्रसार झपाट्याने झाला, आणि त्यासोबत दाव्यांचाही.

फ्रँकलिनच्या तिसऱ्या शंकेचा पाठपुरावा लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये झाला. २००५ मध्ये यिंग-झू हुआंग, जॉन रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी (त्यांत मुंबईत शिकलेले कैलाश भाटियाही होते) चुंबकीय ठोक्यांची एक नवी लय मांडली. एका पाठोपाठ तीन हलके ठोके, असे तिकडे सेकंदाला पाच. दोन सेकंद ठोके, आठ सेकंद विसावा, अशी आवर्तने चालवली की तीन मिनिटांच्या आसपास सहाशे ठोके पूर्ण होतात आणि मेंदूचा तो भाग नंतर काही काळ अधिक तत्पर राहतो. विसावा न देता तेच ठोके सलग दिले तर उलट मंदावतो. म्हणजे किती याइतकेच कशा लयीत यालाही महत्त्व आहे. ‘थीटा बर्स्ट’ हे तिचे नाव. पुष्कळ आणि हलके, असे फ्रँकलिनने सुचवले होते. पण लयीपर्यंत त्याची कल्पना पोहोचली नव्हती.

आता पहिल्या शंकेकडे. पक्षाघाताचा रुग्ण काही न करताही थोडा सुधारतो, ही इथली मुख्य अडचण. कोपनहेगनमध्ये ८०४ रुग्णांचा माग ठेवून योर्गन्सेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले की वाचलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण उपचाराअखेर स्वतःचे स्वतः चालू लागतात आणि ९५ टक्के रुग्णांची चालण्यातली जी काही सुधारणा व्हायची ती पहिल्या अकरा आठवड्यांत होऊन जाते. या काळात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळते. कबुतराच्या रक्तालाही मिळते. म्हणून चाचणी करायची तर निम्म्या रुग्णांना लुटुपुटूचा उपचार द्यावा लागतो : कॉइल खटखट वाजते पण क्षेत्र आत जात नाही, प्रवाहाच्या बाबतीत पहिली तीसेक सेकंद मुंग्या येऊ द्यायच्या आणि मग गुपचूप बंद करायचा. रुग्णाला फरक कळत नाही. पासीच्या बागेतल्या मुलाच्या डोळ्यांवरची पट्टी ती हीच.

या परीक्षेत काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण हाताच्या उपचाराचे आहे. एक सुबक सिद्धान्त तेव्हा सर्वमान्य झाला होता : मेंदूच्या दोन गोलार्धांत रस्सीखेच चालते, एक दुबळा झाला की धडधाकट गोलार्ध त्याला आणखी दाबतो, म्हणून धडधाकट बाजूला शांत करावे. लहान लहान चाचण्यांत फायदा दिसला. मग अमेरिकेत बारा केंद्रांवर १९९ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१८ मध्ये आला. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण लक्षणीय सुधारले. लुटुपुटूचा मिळालेल्यांपैकी ६५ टक्के. दोन्ही गटांना हाताचा भरपूर व्यायाम दिलेला होता. कितीतरी प्रवास करून, नेमाने येऊन, या सर्वांनी तो केला होता. ‘रोज माझ्या घरापर्यंत ये-जा करीत राहिले’ हे पत्रातले निरीक्षण आठवल्यावाचून हे आकडे मला वाचता येत नाहीत. अनेकांनी हा निकाल उपचाराचा पराभव म्हणून वाचला. मला त्यातले ६५ अधिक मोलाचे वाटतात.

चालण्याच्या यंत्रांचीही हीच गत झाली होती. अंगाला पट्टे बांधून, वजन तोलून धरून सरकत्या पट्ट्यावर चालवण्याच्या महागड्या पद्धतीची अमेरिकेत ४०८ रुग्णांवर चाचणी झाली. २०११ मध्ये कळले की वर्षअखेर चालण्यात वरची पायरी गाठणारे एकंदर ५२ टक्के रुग्ण होते आणि घरी फिजिओथेरपिस्टने येऊन साधे ताकदीचे, तोलाचे व्यायाम करून घेतलेले त्यांत कुठेच मागे नव्हते.

मग मेंदूला चेतवून चालणे सुधारण्याची आशा सोडूनच का दिली नाही? दोन कारणे. एक कोपनहेगनचेच. २००१ मध्ये निकोलस पीटरसन, येन्स बो निल्सन आणि सहकाऱ्यांनी चालत्या माणसाच्या डोक्यावर इतका हलका चुंबकीय ठोका दिला की त्याने स्नायू हलणार नाही, उलट मेंदूतून निघालेला संदेश क्षणभर दबेल. पोटरीच्या स्नायूतली हालचाल त्या क्षणी कमी झाली. म्हणजे माणूस साधे चालत असतानाही मोठा मेंदू पायांना सतत संदेश धाडत असतो. मांजराचे गणित आपल्याला पुरते लागू नाही.

दुसरे कारण म्हणजे लहान मेंदू. पिएर फ्लुरांसने १८२४ मध्ये कबुतरांचा लहान मेंदू काढून टाकला, तेव्हा ती लुळी पडली नाहीत. दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैनिकांचे हेल्मेट डोक्याचा मागचा खालचा भाग उघडाच ठेवी आणि तिथे गोळी लागलेल्यांना तपासून गॉर्डन होम्सने लहान मेंदूच्या दुखापतीची लक्षणे जी लिहिली ती आजही शिकवतात : पावले रुंद पडणे, अंदाज चुकणे, तोल जाणे. आता पक्षाघात बहुतेकदा मोठ्या मेंदूत होतो, लहान मेंदू शाबूत असतो. पण तो शाबूत असूनही स्तब्ध होतो. उजव्या मोठ्या मेंदूला इजा झाली की त्याच्याशी जोडलेल्या डाव्या लहान मेंदूचे काम आणि रक्तपुरवठा मंदावतो, हे जाँ-क्लोद बारों यांनी १९८० च्या सुमारास प्रतिमांतून दाखवले. घरातला एक कर्ता माणूस आजारी पडावा आणि दुसऱ्याने धडधाकट असून हातपाय गाळून बसावे, तसे.

मग त्या बसलेल्यालाच उठवले तर? कवटीच्या मागच्या बाजूला लहान मेंदू पुरेसा वर आहे. कॉइल तिथे पोहोचते. बाल्टिमोरला एमी बॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना एक पाय हळू, एक पाय जलद अशा दुभंगलेल्या सरकपट्टीवर चालवले आणि २०१२ मध्ये दाखवले की लहान मेंदूला क्षीण प्रवाह दिला असता ही विचित्र चाल लवकर अंगवळणी पडते. प्रवाहाने चाल शिकवली नाही. शिकण्याचा वेग वाढवला.

रोमच्या सांता लुचिया संस्थेत जाकोमो कॉख यांच्या गटाने पुढचे पाऊल टाकले. झटका येऊन बरेच दिवस लोटलेले ३६ रुग्ण. त्यांपैकी ३४ जणांनी चाचणी पुरी केली. निम्म्यांना लहान मेंदूवर खरी थीटा बर्स्ट, निम्म्यांना लुटुपुटूची. तीन आठवडे रोज, आणि पाठोपाठ दोन्ही गटांना फिजिओथेरपी. फ्रँकलिनची दुसरी शंका इथे पहिल्याच दिवसापासून विचारात घेतलेली दिसते. खऱ्या उपचाराच्या गटाचा तोलाचा सरासरी गुणांक सुमारे ३४ वरून ४३ च्या पुढे गेला, लुटुपुटूच्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त, आणि त्यांची रुंद पडणारी पावले जवळ आली. हातापायांतली एकूण ताकद आणि रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता यांत मात्र दोन गटांत फरक पडला नाही. २०१९ च्या ‘जामा न्यूरॉलॉजी’त हे आले आणि दोन वर्षांनी चीनमधल्या एका गटालाही तोलाबाबत त्याच दिशेचा निष्कर्ष मिळाला.

चौतीस माणसे म्हणजे थोडीच. हाताच्या उपचाराची गोष्टही अशाच लहान चाचण्यांतून सुरू झाली होती. शिवाय पक्षाघात झालेल्या मेंदूत फिट येण्याचा धोका असतो, कोणाच्या डोक्यात धातूची क्लिप असते. हे तपासल्याशिवाय कॉइल डोक्याजवळ आणायची नसते. मुंबई-पुण्यात ही यंत्रे आली ती प्रामुख्याने नैराश्याच्या उपचारासाठी. अमेरिकेतही २००८ मध्ये पहिली सरकारी मान्यता मिळाली ती त्यासाठीच. अर्धांगाच्या रुग्णाच्या घरची माणसे तिथे येऊन विचारतात, याने चालतील का? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर यंत्राच्या आधी व्यायामाबद्दल बोलावे लागेल. तालुक्याच्या गावाहून तीन आठवडे रोज शहरात न्यायचे म्हणजे गाडीभाडे, घरातल्या एकाचा बुडालेला रोजगार, जिना. तेवढ्या पैशांत घरी येणारा फिजिओथेरपिस्ट किती दिवस मिळाला असता, हा हिशेब कोणत्याही चाचणीत मांडलेला नसतो.

कॉख यांनी तोल मोजला तो कॅनडातल्या कॅथरिन बर्ग यांनी १९८९ मध्ये तयार केलेल्या मापाने. त्याला यंत्र लागत नाही : एक खुर्ची, एक पायरी, एक मोजपट्टी, एक घड्याळ. चौदा कामे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण छप्पन्न. खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जागच्या जागी पूर्ण वळणे. नववे काम पायापुढे ठेवलेली सपाता उचलण्याचे आहे. सहज उचलली तर चार गुण. कोणी जवळ उभे असताना उचलली तर तीन. उचलता आली नाही, पण तोल न जाता हात तिच्यापासून दोन ते पाच सेंटिमीटरवर पोहोचला, तर दोन.